इंजिनाला ग्रीस, रबराला एरंडेल

आमच्या ह्यांना ग्रीसचं भारी कौतुक. लढाई संपल्यावर लष्करातून परतले ते ट्रकदुरुस्तीचं कसब आणि ग्रीसचा डबा घेऊनच. सासऱ्यांना गळ घालून त्यांनी आष्ट्याजवळच्या मळ्यातली मोट बंद करवली आणि नदीवर इंजिनाचा पंप बसवला. सासरे म्हणाले, "पाणी आलं तर बरं. न्हाईतर मोट हाय, बैलं हायती, आन् तू आपला जा पलटणीत परत."

खंडेनवमीला नांगर-कुदळींना हळदकुंकू वाहिलं, पण इंजिनाला तेवढं ह्यांना पुरेसं वाटेना. देवाला शेंदूर फासावा तसं पंपाला ग्रीस चोपडलं, पाइपांच्या जोडांतल्या रबरी चकत्यांनासुद्धा. मी मनात हसले.

पंधरा दिवसांत पंपानं पाणी ओढणं सोडलं. जोड उघडला, तर चकती फुगून लिबलिबीत झालेली आणि तिथून हवा शिरत होती. ह्यांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबची नवी कापली आणि तिलाही प्रेमानं ग्रीस लावलं. तीही गेली. तिसरीही गेली. सासऱ्यांनी मोट पुन्हा जुंपली. ह्यांनी माळ्यावरची लष्करातली पत्र्याची ट्रंक खाली काढली, तेव्हा मी ओळखलं, हे पलटणीत परत निघाले. लग्नानंतरची चार वर्षं मी नुसत्या पत्रांवर काढली होती.

मी बरण्यांच्या तोंडाला फडकं लावून त्यावर सायकलच्या ट्यूबचं कापलेलं कडं चढवायची. गोडेतेलाच्या बरणीवरचं कडं सारखं फुगून सैल व्हायचं. एरंडेलाच्या बरणीवरचं मात्र वर्षभर टिकायचं. त्या दिवशी मी दोन्ही कडी काढून मळ्यात नेली. सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची आमच्यात पद्धत नव्हती, म्हणून सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, त्येंला सांगा, रबराला दुसरं त्याल सोसत न्हाई. एरंडेल तेवढं सोसतं."

हे चार हातांवर बसलेले. तरी सासूबाईंनी शब्दन्‌शब्द पुन्हा सांगितला. दोन्ही कडी ह्यांनी बोटांत घोळवली. "ग्रीस बी त्येलाचंच की," एवढंच पुटपुटले.

नव्या चकतीला त्यांनी एरंडेल लावलं. पाणी आलं, पण ते प्रत्येक नव्या चकतीला यायचंच. "पंधरा दिस बघू," सासरे म्हणाले. ते पंधरा दिवस ट्रंक सोप्यातच होती आणि येताजाता मला तिचा राग यायचा.

सोळाव्या दिवशी सगळ्यांसमोर जोड उघडला. चकती बसवली होती तशीच होती. मला राहवलंच नाही. डोक्यावरचा पदरही न सावरता मी थेट ह्यांना विचारलं, "मग आता जायाचं न्हाई न्हवं?"

ह्यांनी तोंड उघडायच्या आत सासरेच म्हणाले, "न्हाई जायाचा त्यो, पोरी." मग ते आमच्याकडे पाठ करून पाटाच्या पाण्याकडे बघत राहिले.