पहिल्या पानावरचे शिर्के मास्तर

बडोद्याच्या एका गुजराती सांजदैनिकात मी पंधरा वर्षं उपसंपादक होतो. बातम्या दुसऱ्या दिवशी रद्दीत गेल्या, किस्से मात्र डोक्यात ठाण मांडून बसलेत. सांगायला लागलो की मित्र हसतात. मला हसू येत नाही.

आमचे क्राइम रिपोर्टर जयंतीभाई. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शहराला लागून असलेल्या छाणीत एका म्हाताऱ्या घरमालकाचा खून झाला आणि पोलिसांनी भाडेकरू शिर्के मास्तरांना उचललं. जयंतीभाईंनी मथळा दिला, 'खुनी शिक्षक'. मी 'संशयित' केलं. त्यांनी माझ्यासमोर ते खोडलं. "अरे भाऊ, संशयितासाठी पेपर कोण विकत घेणार?"

मग फोटो हवा होता. जयंतीभाई मास्तरांच्या घरी गेले, पोलीस साहेबांना दाखवून मास्तरांना सोडवतो म्हणाले आणि लग्नातला फोटो घेऊन आले. मास्तरांच्या बायकोने वर चहाही पाजला. आम्ही फोटोतून त्यांना कापलं आणि मास्तरांना पहिल्या पानाच्या कोपऱ्यात छापलं.

शेजाऱ्यांची मुलाखत तर ऑफिसातच झाली! 'हा लहानपणापासून एकलकोंडा,' असं शेजारी म्हणाले म्हणे. मास्तरांना छाणीत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी हे दाखवल्यावर जयंतीभाईंनी 'शेजारी' खोडून 'नातेवाईक' घातलं. आणि मी ते पान छापायला सोडलं. लाज वाटते, पण सोडलं.

दोन वर्षांनी मास्तर निर्दोष सुटले. आमची बातमी सातव्या पानावर, चार ओळी! शाळा त्यांना परत घ्यायला तयार होती, फक्त पालक बिथरतील अशी धास्ती होती. माझं डोकंच फिरलं. संपादकांशी कडाकडा भांडलो. जिथे बदनामी केली तिथेच, त्याच फोटोसह, निर्दोष म्हणून छापा. शेवटी ते कंटाळून हो म्हणाले.

संध्याकाळी पहिल्या पानावर खाली डावीकडे मास्तर, वर ठळक 'निर्दोष'. मी खूश. पण त्या कोपऱ्यात आम्ही वर्षानुवर्षं फक्त पकडलेल्यांचेच फोटो छापत आलो होतो. शहरातल्या मांडवीपासून सावली तालुक्यापर्यंत लोकांना त्याची इतकी सवय, की फोटो बघायचे आणि मथळा न वाचताच पान उलटायचे. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पालकांची गर्दी, मास्तरला परत पकडलं म्हणून. मुख्याध्यापकांनी मास्तरांना सांगितलं, आता राहू द्या.

दुपारी मास्तर ऑफिसात आले. मी उठून उभा राहिलो. त्यांनी हात जोडले.

"साहेब, तुमच्या मनात वाईट नव्हतं, मला कळतं. पण यापुढे माझ्याबद्दल चांगलं काही छापू नका."