तो पूल मी बांधला

स्वतःबद्दल चांगलं बोलायला इतकी घाबरणारी बाई आमच्या अख्ख्या टूनगॅबी उपनगरात दुसरी सापडायची नाही. माझी ही शेजारीण चीनमध्ये पंधरा वर्षं नदीवरचे पूल बांधत होती. इथे परक्या देशात येऊन चाइल्डकेअरमध्ये पोरांची नाकं पुसायला लागली. पण अंगातली इंजिनियर थोडीच गप्प बसते? आमच्या डेकवर चहाला आली की आधी कठडा हलवून बघणार, मगच खुर्चीत टेकणार. तिथल्या लाकडी ठोकळ्यांचा तिने एकदा असा भक्कम पूल रचला की दोन पोरं त्यावर चढून उभी राहिली. पूल टिकला, हिने मात्र मॅनेजरची बोलणी खाल्ली. दिवाळीत तर तिने माझ्या शंकरपाळ्यांना पट्टी लावली. "एकही दुसरीसारखी नाही," असा निकाल देऊन अर्धा डबा फस्त केला.

इंटरव्ह्यूला गेली की मात्र या बाईचं पार मांजर व्हायचं. पूल कुणी बांधला, असं विचारलं की हिचं उत्तर ठरलेलं: "आमच्या साहेबांनी. मी थोडी मदत केली." आपली तारीफ आपल्या तोंडाने करायची नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. दोन नोकऱ्या अशाच हातच्या गेल्या. तिसरा कॉल आला तेव्हा मीच कंबर कसली. रोज आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, ती शिफ्टवरून आली की मी साहेब आणि ती उमेदवार.

"म्हण, मी बांधला."

"आम्ही बांधला."

"आम्ही नाही गं. मी."

"लाज वाटते. तू तुझं सांगून दाखव बरं."

मी पुण्याला कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, इथे दवाखान्यात रिसेप्शनला बसते. "शिकवायचे आपली, बऱ्यापैकी," एवढंच माझ्या तोंडून निघालं. ती पोट धरून हसली. मलाही हसू आवरेना.

इंटरव्ह्यूत ती ताठ बसून म्हणाली, "तो पूल मी बांधला." लगेच सॉरीही म्हणाली म्हणे, पण तोवर काम झालं होतं. नोकरी लागली, पुलांचीच. फक्त इथून गाडीने सात तासांवर.

सामानाचा ट्रक गेला तेव्हा मी डेकवर उभी राहून रडले. इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी मी देवापुढे दिवा लावून म्हटलं होतं, हिला नोकरी मिळू दे. कुठे, ते सांगायचं माझ्या लक्षातच आलं नाही.