आग बाहेरून लागली

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही. बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

खामगावात माझं ट्रकच्या वायरिंगचं दुकान आहे. मी डावखुरा आहे. शाळेत त्यावरून मार खाल्ला, पण पुढे त्याच हातानं नाव कमावलं. दोन वायरी जोडायच्या तर तांब्याच्या तारा सोलून एकमेकींत पिळतात, वर सोल्डर, म्हणजे वितळवलेलं कथील, देतात, मग टेप. सगळे मिस्त्री उजवीकडे पीळ देतात, माझा पीळ उलटा पडतो. जुना जोड उघडला की तो माझा की दुसऱ्याचा, हे मला एका नजरेत कळतं. याचा मला भारी अभिमान होता. गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून दाखवायचो. तो मूर्ख अभिमान आता आठवला की अंगावर काटा येतो.

सुखदेवभाऊ उंद्री गावचा. दहा चाकी ट्रक चालवायचा, जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरून गुजरातकडे न्यायचा. गाठी वाहणाऱ्या माणसानं बिडी ओढू नये, म्हणून त्यानं ती कधीच सोडली होती. बाकीचे ड्रायव्हर त्याची थट्टा करायचे, तोही हसायचा. गाडी फक्त माझ्याकडे आणायचा. दुसऱ्या मिस्त्रीला तो बोनेटसुद्धा उघडू द्यायचा नाही — असा विश्वास. असा विश्वास कुणी कुणावर ठेवावा का?

त्या दिवशी तो सकाळीच आला. मागचे दिवे लुकलुकत होते. मी खाली शिरून पाहिलं. केबिनच्या मागे, गाठींच्या अगदी पुढ्यात, मागच्या सगळ्या दिव्यांच्या वायरी जिथे एकत्र येतात तो कपलर सडला होता. पिनांवर हिरवा गंज चढलेला. नवा कपलर हवा होता. तो अकोल्याहून मागवावा लागला असता, म्हणजे गाडी उद्यापर्यंत उभी. नाहीतर कपलर काढून टाकायचा, एकेक वायर सरळ जोडायची, प्रत्येक जोडाला सोल्डर द्यायचं. दीड-दोन तासांचं काम.

आणि मला जायचं होतं. कुठे, ते सांगायलाही लाज वाटते — साडूच्या मळ्यात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरून तूप. कुणी मेलं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं. मला गरम रोडगे खायचे होते, बस.

मी कपलर कापून फेकला. वायरी पिळल्या, सोल्डर न देता टेप गुंडाळला. वीस मिनिटांत मोकळा झालो. सुखदेवभाऊनं खाली वाकून विचारलं, "पक्का हाय ना मिस्त्री?" मी म्हणालो, "हाव."

कच्च्या जोडाचं काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो ढिला पडतो आणि तापतो. फ्यूज उडत नाही, दिवे जळत राहतात, ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. वरचा टेप वितळतो. आणि हा जोड कशाला टेकून होता, तर कापसाला.

भरलेली गाडी घेऊन तो उन्हं कलल्यावर निघाला. मलकापूरच्या अलीकडे, नुकतीच दिवे लावायची वेळ झाली असताना, गाडी पेटली. सुखदेवभाऊ पळाला नाही. दोर कापून गाठी खाली लोटत राहिला. कोपरापर्यंत दोन्ही हात भाजले. तरी गाडी गेली, माल गेला.

चार-पाच दिवसांनी गाडीमालकानं मला सांगाडा पाहायला नेलं. म्हणाला, तुम्ही जाणते आहात, आग कशानं लागली ते सांगा. सुखदेवभाऊ पट्ट्या बांधलेले हात पोटाशी धरून बाजूला उभा होता. मी केबिनच्या मागे वाकलो. टेप जळून गेला होता, पण तांबं उरलं होतं. उलटा पीळ. आणि त्याच्या टोकाला वितळलेल्या तांब्याचा गोळा — वायर आतून तापली की असा गोळा होतो, बाहेरच्या जाळानं तो होत नाही. शिकाऊ मिस्त्रीलाही कळलं असतं. मालकाला कळणार नव्हतं. सुखदेवभाऊलाही नाही.

मी पक्कड काढली, "पाहतो" म्हणत तेवढा तुकडा तोडला आणि खिशात घातला. मग उठून म्हणालो, "वायरिंग ठीक होती शेठ. आग बाहेरून लागली."

बाहेरून. एवढा एक शब्द. मालकानं सुखदेवभाऊकडे पाहिलं, आणि त्या नजरेत बिडी होती. तो काकुळतीनं म्हणाला, "शेठ, बिडी सोडून लय वर्सं झाले हो, कोनालेबी इचारा." कुणी कुणाला विचारलं नाही. कशाला विचारतील? मिस्त्री बोलला होता ना! मी हात पुसत उभा होतो. तेव्हा एक वाक्य बोलता आलं असतं. नंतरही कधीही बोलता आलं असतं. तो तुकडा मी जपून ठेवला वगैरे नाही — घरी जाताना नाल्यात टाकून दिला.

त्याला मालकानं काढलं. मग दुसऱ्या कुणी गाडी दिली नाही. गाठी जाळणारा ड्रायव्हर म्हणून तो जिनिंगच्या फाटकापासून धाब्यांपर्यंत माहीत झाला. आता उंद्रीला लोकांच्या शेतात फवारणीला जातो. आणि माझ्याकडे गाड्यांची रांग असते.

इथवरचं सांगणं त्यामानानं सोपं होतं. खरं सांगायचंय ते पुढचं.

काही महिन्यांनी तो दुकानात आला. मला वाटलं, याला कळलं. तो स्टुलावर बसला. मग खाली पाहत म्हणाला, "मिस्त्री, तुमी बाहेरून म्हनले, तवापासून इचार करून राह्यलो. बिडी तं नाई. मंग आठोलं. दिवे लावाच्या वक्ती मी बाबासाहेबाच्या फोटोपुढं अगरबत्ती लावत जाओ केबिनमंदी. त्या दिवशीबी लावली होती. तिचीच ठिणगी उडाली असंन. म्हंजे मीच जाळली ना गाडी?" मग म्हणाला, "आता घरीबी लावत नाई. भेव वाटते."

बघा — स्वतःच्या आठवणीपेक्षा त्यानं माझा शब्द खरा धरला. तो खरा ठरावा म्हणून स्वतःचा गुन्हा शोधून काढला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. आणि मी काय केलं? मला सुटल्यासारखं वाटलं. हो, आधी तेच वाटलं. मग मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होते असं कधी कधी, सुखदेवभाऊ. मनाले लावून घेऊ नका."

मी त्याला माफ केलं. माझ्या जोडानं लावलेल्या आगीबद्दल, भाजलेल्या हातांच्या त्या माणसाला, मी माफ केलं.

त्याचे डोळे भरून आले. तुमच्यापाशी बोलून बरं वाटलं, असं म्हणाला आणि उंद्रीची एसटी धरायला गेला.

याला पाच वर्षं झाली. तो तिथे आहे, मी इथे आहे, आणि गाडी आपणच जाळली असं त्याला अजून वाटतं.