ओव्हनमध्ये कुठलं भांडं चालतं

आमच्या सांगलीच्या घरात मायक्रोवेव्ह ओव्हन आला तेव्हा गल्लीत तो दुसऱ्या कुणाकडे नव्हता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. थोरले दीर मस्कतला नोकरीला होते. सुट्टीवर येताना त्यांनी तो आणला, बटणं दाखवली आणि आठवड्यात परत गेले.

सासरे कोयनानगरच्या वीज प्रकल्पातून निवृत्त झालेले. घरात विजेवर चालणारं जे काही होतं, ते सगळं त्यांच्या ताब्यात. मी फलटणची, बी.एस्सी. झालेली, पण साधा फ्यूज बदलायलाही मला स्टुलावर चढू देत नसत.

पहिल्याच रविवारी त्यांनी शेजारच्यांना बघायला बोलावलं आणि स्टीलच्या पेल्यात दूध ओतलं. ओव्हनसोबतचं इंग्रजी पुस्तक मी आदल्या दिवशी वाचलं होतं. म्हटलं, "मामा, आत धातूचं भांडं ठेवू नका असं लिहिलंय."

"विजेचं तू मला शिकवणार?" म्हणत त्यांनी बटण दाबलं.

आत निळ्या ठिणग्या तडतडल्या. शेजारीण किंचाळली. सासऱ्यांनी प्लग उपसला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "पेला ओला दिलास. यापुढं बायकांनी ह्याला हात लावायचा न्हाई."

पेला मी कोरडा करून दिला होता. माझा नवरा हे जाणून होता आणि जमिनीकडे बघत होता. त्याचाच राग मला जास्त आला.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी बाजारातून मेलामाइनच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, फुलाफुलांच्या ताटल्यांचा सेट आणला. दुकानदाराने 'खास ओव्हनचा' म्हणून दिलेला. त्यात भात गरम करायला गेले तर भात कोमट आणि ताटली अशी तापली की त्यांची बोटं पोळली. "मशीनच बोगस हाय," म्हणाले.

मशीन बोगस नव्हतं. भांडं चुकत होतं, आणि ते कसं ओळखायचं हे त्याच पुस्तकात होतं. चोरून करायचं असतं तर सासरे पेन्शन आणायला बँकेत गेल्यावर केलं असतं. मी ते घरात असतानाच दुपारी घरातली काच, चिनी माती, प्लास्टिक सगळं टेबलावर मांडलं आणि प्लग लावला.

"काय सांगितलं होतं मी?" ते बाहेरच्या खोलीतून आले.

"ऐकलंय मामा. तरी करणार आहे."

सासूबाई भाजी निवडत होत्या. मला वाटलं, आता त्याही बोलतील. त्या उठून माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "करू द्या की तिला," म्हणाल्या. "शिकलेली हाय."

काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, शेजारी रिकामं भांडं ठेवलं, एक मिनिट ओव्हन चालवला. पाणी तापलं आणि भांडं थंड राहिलं तर ते चालतं. रिकामं भांडंच तापलं तर बाजूला. सोनेरी काठाचे कप मी आत घातलेच नाहीत, तो काठही धातूच. जाड काचेचा वाडगा आत गेला. सासूबाईंनी भीत भीत बोट लावलं. "थंडगार हाय की गं!" त्यांची लाडकी लोणच्याची बरणी मात्र चटका बसण्याइतकी तापली. त्यांनी ती निमूटपणे फळीवर परत ठेवली. शेवटी मेलामाइनची ताटली ठेवली आणि मिनिटभराने म्हटलं, "मामा, हात लावून बघा." त्यांनी लावला नाही. चप्पल घालून बाहेर गेले.

मी सेट खोक्यात भरला आणि दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "वहिनी, साहेबांना पाठवा. त्यांनी नेलाय, त्यांच्याशी बोलतो."

"साहेब कशाला? स्वयंपाक मी करते. हा ओव्हनमध्ये चालतो असं बिलावर लिहून सही करा, मी जाते."

तो हसला, मग हसायचा थांबला. दुकानात तीन-चार बायका होत्या, त्या पुढे सरकल्या. एकीने विचारलं, "आवं, म्हंजे आमालाबी असंच दिलंय का?" सेट बदलून मी झाकणाचे दोन साध्या काचेचे वाडगे घेतले आणि घरी येऊन त्यांचीही परीक्षा घेतली. दुकानदाराच्या शब्दावर आता मी काही घेणार नव्हते.

सासऱ्यांनी चूक कधी कबूल केली नाही. पण पुन्हा मनाईही केली नाही. वर्षभराने तासगावचे पाहुणे आले. काचेच्या वाडग्यातली वाफाळती आमटी दाखवत सासरे म्हणाले, "आम्ही एकेक भांडं तपासून ठरवलंय, काय चालतं, काय न्हाई."

माझ्या हातात भाकरीची टोपली होती. ती खाली ठेवून मी म्हटलं, "आम्ही नाही मामा. मी."

सासूबाईंनी पाहुण्यांच्या ताटात आमटी वाढली आणि सरळ म्हणाल्या, "व्हय, हिनंच."