गवती चपलेवरचा बेडूक

कुठलीही वस्तू हातात आली की बाई आधी ती उलटी करून बघायच्या. कप, घड्याळ, पायपुसणं. एकदा जावयाने हौसेने आणलेला केकही त्या उलटा करायला निघाल्या होत्या. नवऱ्याने वेळेवर हात धरला म्हणून केक वाचला.

भांडी घासताना उजव्या अंगठ्याला रबरी टोपण घालायच्या, नोटा मोजणारे कारकून घालतात तसलं.

थंडीत हात फुटले तरी मलम लावायच्या नाहीत.

बटणं विकत घेताना डोळे मिटायच्या.

फोनवर बोलताना, रांगेत उभं असताना, कुणावर रागावल्या की, डावा हात खिशात. त्यांच्या सगळ्या कपड्यांना डावीकडे खिसा असायचा. मुलीच्या लग्नात घातलेल्या भारी कपड्यांनाही त्यांनी तो शिवून घेतला होता.

गल्लीत सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई.

नेत्सुके ओळखणं हे बाईंचं काम होतं. जपानमधल्या जुन्या पोशाखाला खिसे नसत. तंबाखूची पिशवी, औषधाची डबी लोक दोऱ्याला बांधून कंबरपट्ट्याखालून लटकवत. दोरा घसरू नये म्हणून वरच्या टोकाला एक कोरीव गुंडी अडकवत. ती गुंडी म्हणजे नेत्सुके. अक्रोडाएवढी. उंदीर, गोगलगाय, झोपलेला म्हातारा, वाटेल ते. मागे दोन भोकं, दोरा ओवायला. पुढे ही गुंडी कंबरेवरून काचेच्या कपाटात गेली, तिला भाव आला, आणि भाव आल्याबरोबर नकला आल्या. मग संग्रहालयवाले, लिलाववाले, भांडणारे वारसदार कापसाच्या डब्या घेऊन बाईंकडे यायला लागले.

बाईंची पद्धत ठरलेली होती. खिशातला लाकडी बेडूक, तोही नेत्सुकेच, डाव्या हातात. आलेली वस्तू उजव्या हातात. नजर छताकडे. दोन्ही अंगठे सावकाश फिरायचे. मग बाई म्हणायच्या, "हं." किंवा म्हणायच्या, "छे."

भिंग त्यानंतर डोळ्याला लागायचं. 'हं' निघालं असेल तर भिंग 'हं'ची कारणं शोधायचं. 'छे' निघालं असेल तर 'छे'ची. कारणं सापडायचीच.

बेडूक आत्याचा होता. आत्या याच कामातली. बाई तिच्याच हाताखाली शिकल्या, तिच्याच शिव्या खाऊन. आत्या गेली तेव्हा तिच्या उशाशी हा बेडूक होता. लाकडी, जुन्या गवती चपलेवर फतकल मारून बसलेला. आयुष्यभर खरी नेत्सुके हाताळलेल्या बाईने शेवटच्या दिवसांत उशाशी जे ठेवलं, ते खरंच असणार. हा विचार बाईंनी केलासुद्धा नव्हता. तो आपोआप झाला होता. त्यांनी बेडूक उचलून खिशात टाकला. जगातली प्रत्येक वस्तू उलटी करून बघणाऱ्या बाईंनी तो कधी उलटा करून बघितला नाही. आईला कोणी ओळखपत्र मागतं का?

एका सकाळी दातांचे डॉक्टर आले. गल्लीच्या टोकाला त्यांचा दवाखाना. बाईंच्या दाढा तेच बघत.

"वडिलांच्या कपाटात सापडलं," ते डबी पुढे करत म्हणाले.

"बसा. आज तुम्ही खुर्चीत. आ करायची गरज नाही."

"भूल देणार का?"

"बघू. बातमी वाईट असली तर देऊ."

बाईंनी कापूस उलगडला. आत बेडूक होता. गवती चपलेवर बसलेला.

बाई खुदकन हसल्या. चपलेवरचा बेडूक हा जुन्या कारागिरांचा आवडता विषय, असे त्यांनी आधीही बघितले होते. त्यांनी तो उजव्या हातात घेतला. डावा हात खिशात गेला. अंगठे फिरले.

"छे."

"लगेच?" डॉक्टर म्हणाले. "आम्ही निदान दिवा तरी लावतो."

"लावते की." बाईंनी टेबलावरचा दिवा खाली ओढला. वस्तू खोटी आहे असं सांगायचं असलं की त्यांना नेहमीच जरा खुलायला व्हायचं. "हे बघा. अंगावरचे फोड बोटाला टोचतात. कुठेच झीज नाही. लाकडाचा रंगही नव्यासारखा फिका. आता मागे बघा. भोकं दोन्ही सारखी. खऱ्या नेत्सुकेत बहुतेक वेळा एक भोक मोठं कोरतात, म्हणजे दोऱ्याची गाठ त्यात लपते. इथे गाठ लपणार कुठे? याने जन्मात दोरा बघितलेला नाही. आणि ही सही. दुसऱ्या अक्षरात एक रेघच कमी आहे. स्वतःचं नाव चुकीचं लिहिणारा कारागीर बघितलाय कधी?"

"माझ्या हातची चिठ्ठी बघा. औषधवाला रोज हेच विचारतो."

बाई हसल्या. "वाईट वाटलं?"

"छे हो. वडील बोटीवर स्वयंपाकी होते. फसायची त्यांना हौस होती."

"थांबा, खरा कसा असतो ते दाखवते. आलाच आहात तर."

आणि बाईंनी खिशातला बेडूक काढून दिव्याखाली डॉक्टरांच्या बेडकाशेजारी ठेवला. पालथा. डॉक्टरांचा पालथाच होता म्हणून.

एक फिका. एक कडक चहाच्या रंगाचा. एकाच्या चपलेचं गवत काडी काडी मोजता येईल असं, दुसऱ्याचं पुसट झालेलं. पण टाच तशीच फाटलेली. पट्टा तसाच, डाव्या बाजूने तुटलेला.

"अरे, जुळे की हे!" डॉक्टर म्हणाले. मग पुढे वाकले. दातांतली बारीक कीड शोधणारी नजर ती. "तुमच्याही बेडकाची भोकं सारखीच आहेत बाई."

बाईंनी भिंग लावलं. भोकं सारखी होती. कडा धारदार होत्या, काल पाडल्यासारख्या. एवढ्या वर्षांत अंगठा सगळीकडे फिरला होता, भोकाच्या आत कधी गेला नव्हता. त्या सहीवर आल्या. सही पुसट होती, पण वाचता येत होती. दुसऱ्या अक्षरात एक रेघ कमी होती.

त्यांनी भिंग काढून पुसलं आणि पुन्हा लावलं.

रेघ कमीच होती.

"म्हणजे माझाही खरा?" डॉक्टरांचा चेहरा एकदम उजळला.

आत्याच्या उशाजवळून बेडूक उचलला, त्या दिवशी त्याचे फोड बोटाला टोचले होते. हे त्यांना आत्ता आठवलं. टोचले होते. मग हळूहळू गुळगुळीत झाले, आणि बाईंना वाटत गेलं की ते पहिल्यापासून तसेच होते. बेडकाच्या पाठीवर जी झीज होती ती एका अंगठ्याच्या आकाराची होती. त्यांनी आपला डावा अंगठा तिथे टेकवला. बरोबर बसला.

"तुमचा खोटा आहे डॉक्टर," त्या कशाबशा म्हणाल्या.

डॉक्टरांनी इतकी वर्षं खुर्चीतल्या माणसांचे चेहरे बघितले होते. त्यांनी उठून माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि बाईंपुढे ठेवलं. मग आपली डबी खिशात टाकून हळूच गेले.

बाईंनी भावाला फोन लावला. दादाही जन्मभर बोटीवर होता, इलेक्ट्रिशियन. आता मुलाकडे राहायचा आणि सुनेचे पंखे विनाकारण उघडून बसायचा.

"दादा, आत्याच्या उशाशी एक बेडूक होता. आठवतो?"

"चपलेवरचा? न आठवायला काय झालं! मीच तर आणला होता." दादा हसायला लागला. "एका बंदरावर म्हातारी विकायला बसायची. टोपलीभर बेडूक, चिमण्या. एकावर एक ओतलेले, बटाट्यासारखे. म्हटलं, आत्याला एक नेऊ. ती पण दिवसभर तशीच बसायची ना, फतकल मारून."

"मग?"

"मग काय, माझी सालं काढली तिने. माझ्या घरात खोटा माल आणतोस म्हणून. आणि शेवटपर्यंत उशाशी ठेवून घेतला. अशीच होती ती."

"तिला माहीत होतं?"

"आत्याला नाही कळणार तर कोणाला कळणार? का गं?"

"तो माझ्या खिशात असतो."

"ते मला माहीत आहे की." दादा म्हणाला. "कधी बोललो नाही तुला. पण बरं वाटायचं. आम्ही आपले बारा महिने पाण्यावर. म्हटलं, पोरीने आपली आठवण जवळ ठेवलीय."

बाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडून दादा "हॅलो, हॅलो" करत राहिला. मग त्याला वाटलं, लाइन गेली.

नवऱ्याने जेवायला हाक मारली. बाई उठल्या नाहीत. "एवढ्याशा बेडकाने काय बिघडलं?" तो म्हणाला. "बाकीच्या वस्तू तर खऱ्या होत्या ना?"

तेच तर त्या शोधत बसल्या होत्या. ज्यांना त्यांनी 'हं' म्हटलं होतं त्यांची काळजी नव्हती. त्या वस्तू मोठ्या कपाटांत गेल्या होत्या, त्यांच्यावर पुढे आणखी कितीतरी जणांनी भिंगं लावली होती. पण जिला एकदा 'छे' म्हटलं, तिच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. पाठ कपड्याला घासून झिजते आणि चेहरा तेवढा झिजत नाही, हे बाईंना पुस्तकातून पाठ होतं. अंगठ्याला मात्र बेडूक पाठ होता. आणि बेडूक सगळीकडून झिजला होता. म्हणजे करकरीत चेहऱ्याची खरी वस्तूही अंगठ्याला खोटी वाटली असणार.

पाठ गुळगुळीत, चेहरा करकरीत. असं एक त्यांच्या हातात येऊन गेलं होतं. शिंप्याचं माकड.

समोरच्याच बाजूला शिंप्याचं दुकान. त्याच्या आजोबांनी कुठल्याशा खलाशाचा कोट शिवून दिला, त्याबदल्यात मिळालेलं माकड. कान झाकून बसलेलं. शिंपी तरुण होता तेव्हा त्याने ते विश्वासाने आणून दाखवलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "छे. नव्याची पाठ घासून जुनं केलंय. भिंगाचेही कष्ट नकोत." तो हसून परत गेला होता. त्याचा बाप हसला नव्हता, हेही बाईंना आठवलं.

त्या गल्ली ओलांडून गेल्या. दुकानात गरम इस्त्रीचा आणि ओल्या कापडाचा वास. शिंपी तोंडात टाचण्या धरून खडूने आखत होता. त्याच्या कंबरेला पट्टा. पट्ट्यावर माकड. माकडाच्या मागून काळा दोरा पट्ट्याखालून उतरलेला, आणि दोऱ्याच्या टोकाला कात्री लोंबत होती.

बाई दारातच उभ्या राहिल्या. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. कात्री सारखी कापडाखाली हरवायची म्हणून त्याने उपाय केला होता, इतकंच.

"या बाई," त्याने टाचण्या काढल्या. "खिसा फाटला वाटतं?"

"माकड बघू जरा."

"हे? खोटं आहे हो ते." त्याने अगदी अभिमानाने सांगितलं. "तुम्हीच नाही का सांगितलंत? खरं असतं तर कपाटात पडलं असतं बिचारं. आता कसं दिवसभर कामाला आहे."

"पुन्हा एकदा बघायचंय."

"आता काय, तुम्हाला घाबरून खरं झालं असेल?"

बाईंनी त्याच्या कंबरेवरच ते चाचपलं. डोळे छताकडे. पाठ काचेसारखी झाली होती. पण ती त्याच्या पट्ट्याने झाली होती, की त्याच्या जन्माआधी कुठल्या परक्या माणसाच्या पट्ट्याने? अंगठ्याला दोन्ही एकच. ज्या दिवशी सांगता आलं असतं त्या दिवशी त्यांनी 'छे' म्हटलं होतं, आणि त्या 'छे'मुळेच तो ते वापरत सुटला होता. पुरावा रोज थोडा थोडा घासला गेला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर. खिडकीतून दिसेल असा.

"खरं निघालं तर?" शिंप्याने विचारलं. तो आता हसत नव्हता.

"तर मी चुकले होते."

"आणि बाप उगाच माझ्यावर चिडला होता असं नाही." तो कात्री सोडवायला लागला. "म्हणायचा, भिंगबाई म्हणाली आणि तू ऐकलंस. तरी ही गाठ त्यानेच बांधून दिली. न्या. पण दोरा कापू नका बाई. अशी गाठ मला जमायची नाही, आणि तो काही आता परत यायचा नाही."

माकड बाईंच्या टेबलावर आलं. एक भोक मोठं होतं. म्हाताऱ्याने गाठ बरोबर त्यातच दाबून बसवली होती. बाईंना एक गोष्ट लगेच दिसली. गाठीच्या खाली भोकाची जी कड होती, तिथे शिंप्याचा दोरा कधी हललाच नव्हता. ती कड धारदार असेल तर माकड नवं. ती गोल झिजलेली असेल तर आधी कधीतरी, कुणाच्या तरी कंबरेला, वेगळा दोरा तिथे वर्षानुवर्षं घासला होता. उत्तर त्या गाठीखाली शाबूत होतं.

त्यांनी हात धुतले. बोथट सुई घेतली. गाठ मेणासारखी घट्ट झाली होती. सुईचं टोक शिरवायचं, थोडं उचलायचं, थांबायचं. पहिला वेढा सैल झाला. दुसरा हलला. गाठ किंचित वर आली आणि तिच्याखाली भोकाच्या कडेची बारीकशी कोर दिसायला लागली. आता अंगठा टेकवला की झालं.

डावा हात आपसूक खिशात गेला.

खिसा रिकामा होता. बेडूक टेबलाच्या कोपऱ्यात होता, डॉक्टर गेल्यापासून तसाच पालथा. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. उजवा अंगठा कोरीपासून केसभर अंतरावर होता, तो तिथेच थांबला. खोट्या बेडकावर तयार झालेल्या अंगठ्याचं आता कसं ऐकायचं? तो मागे आला.

त्यांनी सुई खाली ठेवली.

माकड अजून टेबलावरच्या ट्रेमध्ये आहे. गाठ अर्धी सुटलेली, सुई बाजूला. रोज सकाळी बाई हात धुऊन टेबलाशी बसतात, सुई उचलत नाहीत. समोरच्या दुकानात शिंपी कापडं वर-खाली करून कात्री शोधत असतो.