दादाने घालवलेलं काम

आमच्या दादाइतका हुशार माणूस मी पाहिला नाही आणि त्याच्याइतका कडकाही. शाळेत तो पहिला, मी काठावर पास. त्याच्या हुशारीपायी मी किती बोलणी खाल्ली, विचारू नका. "दादाकडे बघ जरा!" बघितलं ना. आज मी एका पॅकिंगच्या कारखान्यात ऑफिस सांभाळते, वेळच्या वेळी पगार घेते. आणि दादा एवढ्याशा गाळ्यात लोकांची मशीनं दुरुस्त करतो. त्यातही निम्म्या गिऱ्हाइकांना फोनवरच सांगतो, "मागचा स्क्रू जरा सैल करा, होईल." आणि होतंच ते! मग पैसे कशाचे मागणार?

यंदा गाळेवाल्याने भाडं वाढवलं. जमत नसेल तर महिनाअखेर गाळा सोडा म्हणाला. वहिनीचा चेहरा मला बघवेना. त्यातच आमच्या कारखान्यातलं पाकिटं सील करणारं मशीन रोज दुपारी बंद पडायला लागलं. जुना मेकॅनिक दर आठवड्याला यायचा, काहीतरी खोलायचा आणि बिल लावून जायचा. मी साहेबांच्या मागे लागून दादाला बोलवायला लावलं. मशीन चाललं तर वर्षभराचं देखभालीचं काम त्याला मिळणार होतं. म्हणजे गाळा वाचला!

"हे बघ, तिथे शहाणपणा करायचा नाही," मी बजावलं.

"बरं," म्हणाला.

आल्यावर त्याने हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. मशीन चालवणाऱ्या बाईंना विचारलं, "ताई, नक्की कधी बंद पडतं?"

"चारच्या सुमाराला, भाऊ. पण आभाळ आलेलं असलं की नाही पडत."

दादाचा चेहरा असा खुलला! त्याने खिडकीकडे पाहिलं. पाकिटावरची काळी खूण बघून कुठे कापायचं ते ठरवणारा एक छोटा डोळा त्या मशीनला असतो. उतरतं ऊन नेमकं त्याच्यावर येत होतं. दादाने रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि आडोसा बांधला. सुट्टी होईपर्यंत मशीन एकदाही थांबलं नाही. अभिमानाने मला रडूच यायचं बाकी होतं.

साहेबांनी कराराचा कागद पुढे केला. दादा म्हणाला, "वर्षभर मी येऊन काय करू? मशीन ठणठणीत आहे. तेलपाणी या ताई बघतील. खरा दोष त्यांनीच पकडला, त्यांचा पगार वाढवा."

साहेबांनी हसत कागद परत आत ठेवला. बाईंचा पगार वाढला, हे मात्र खरं.

गेटबाहेर मी भडकले. "डोकं फिरलंय का तुझं? गाळा जाईल ना!"

"अगं, दर आठवड्याला येऊन काय केलं असतं? पुठ्ठा सोडून परत बांधला असता?"

मी कपाळावर हात मारला. चीड आली होती, आणि त्याला घट्ट मिठी मारावीशीही वाटत होती.

गाळा गेला. दादाचं टेबल आता आमच्या पुढच्या खोलीत आहे. सोफा विकावा लागला. आमच्या ह्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "किती दिवस?"

"त्याला पाहिजे तितके दिवस," मी म्हणाले, आणि दादाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.