खालच्या रांगेतले खिळे

जगात जेवढ्या वस्तू हरवतात तेवढ्या सगळ्या शेवटी माझ्या मावसभावाच्या घरी जमा होत असाव्यात, असं माझं फार जुनं मत आहे. आमच्याकडून गेलेली किसणी, शेजाऱ्यांचा पाना, कुणाच्या तरी लग्नात बदललेली एकच चप्पल, सगळं तिथे निघायचं. निघायची नाही ती फक्त त्याच्या स्वतःच्या घराची किल्ली. आणि हेही आत्ताच सांगून टाकते, की इतक्या जिद्दीनं चालवलेलं घर मी अख्ख्या नाशकात दुसरं पाहिलं नाही. मी स्वतः नीटनेटकी बाई आहे. माझ्या मांडणीवरचे डबे उंचीप्रमाणे लागतात आणि त्यातला एक जरी पुढेमागे झाला तरी मला जेवण गोड लागत नाही. तेव्हा माझ्यासारखीनं त्याची बाजू घ्यावी, म्हणजे त्यात काहीतरी असणारच की नाही?

तो अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता आणि सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात राहायचा. कारखान्यात मशीन बंद पडलं, चारी बाजूंनी लोक ओरडायला लागले, की हा एकटा शांत. तिथे त्याच्यासारखा माणूस नाही, असं त्याचे साहेबसुद्धा म्हणायचे. पण घरी? केर काढायला म्हणून उठायचा, झाडू घ्यायला मागच्या दारी जायचा, तिथे नळ ठिबकताना दिसायचा, नळाला वायसर हवा म्हणून माळ्यावर चढायचा, माळ्यावर जुना रेडिओ सापडायचा, आणि तासाभरानं मी गेले की हा माळ्यावरच रेडिओ उघडून बसलेला, खाली केर तसाच आणि गॅसवरच्या डाळीचा कोळसा झालेला. बायको होती तोवर निभावलं. "अहो, किल्ली शर्टाच्या खिशात," "अहो, शर्ट खुर्चीवर," एवढ्या दोन वाक्यांवर त्या माउलीनं संसार चालवला. गुड्डी तीन वर्षांची असताना ती तापानं गेली. मग त्या घराला सांगणारं कुणी उरलं नाही.

लोकांनी सल्ले दिले. लोक सल्ले फुकट देतात म्हणून भरपूर देतात. "पुन्हा लग्न कर" हा पहिला, आणि "मुलीला आजोळी ठेव" हा दुसरा. त्यानं दोन्ही ऐकून घेतले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन घरातल्या एकूण एक कपाटाची दारं काढून टाकली. मी गेले तर भिंतीतलं कपाट, लोखंडी कपाट, ओट्याखालचं कपाट, सगळी तोंड उघडून बसलेली. माझं डोकंच फिरलं.

"अरे, लोक काय म्हणतील?"

"ताई, दार लावलं की आतली वस्तू माझ्यापुरती मेली," तो म्हणाला. "मग मी ती दुसरी विकत आणतो. सात कात्र्या निघाल्यात परवा. तुझं घर बघायला आहे. माझं चालवायला आहे."

काढलेल्या दारांपैकी एकाला पाय लावून त्यानं गुड्डीला अभ्यासाचं टेबल करून दिलं. ते मात्र झकास झालं होतं, खोटं कशाला बोलू.

त्याच्या एकेक युक्त्या सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही. दूध तापत ठेवलं की तो सांडशी हातात धरायचा आणि गॅस बंद करेपर्यंत खाली ठेवायचा नाही. हातात सांडशी, म्हणजे घरात गॅस चालू. एकदा हा बसस्टॉपवर सांडशी घेऊन उभा दिसला. मी नुसतं त्याच्या हाताकडे बोट दाखवलं. तो जो पळत सुटला तो थेट ओट्यापाशी. दूध अर्धं उतू गेलं होतं, पण अर्धं वाचलं, हे तो नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगत होता. साफसफाई दोघं बापलेक टीव्हीवरच्या जाहिरातींत करायची. जाहिरात लागली की उड्या मारून उठायचं, एकानं झाडू, दुसऱ्यानं फडकं, आणि मालिका सुरू झाली की हातातलं तिथेच टाकून खाली बसायचं. पाहुणा बसला असेल तर त्यानं पाय वर घ्यायचे. मीही घेतले आहेत. पण अशा जाहिराती-जाहिरातींनी ती फरशी रोज पुसली जायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग एकदा त्याच्या हातून व्हायचं तेच झालं. गुड्डी पहिलीत होती. हा एका बिघडलेल्या मशीनमध्ये असा गुंतला, की शाळा सुटल्यावर तिला आणायचं साफ विसरला. अंधार पडेपर्यंत पोर शाळेच्या शिपायाजवळ बसून राहिली. ही बातमी निफाडला तिच्या आजीपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? तिसऱ्या दिवशी म्हातारीचा निरोप आला: "दिवाळी झाली का मी येते. घर धड दिसलं तर ठीक. नाय तर पोरगी माझ्यासंगं निफाडला." म्हातारीची लेक गेली होती. नातीच्या बाबतीत ती गप्प बसेल, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

मग माझ्या भावानं गजराचं एक घड्याळ डब्याच्या पिशवीत घालून कारखान्यात नेऊन ठेवलं. ते वाजलं की सगळा विभाग ओरडायचा, "गुड्डीची शाळा सुटली." आणि घरी त्यानं खिळे ठोकले. समोरची अख्खी भिंत. वरच्या रांगेत त्याचं सगळं: किल्ली, डब्याची पिशवी, छत्री, विजेचं बिल क्लिपमध्ये लटकवलेलं. आणि खाली, माझ्या गुडघ्याच्या थोडं वर, दुसरी रांग. तिथे गुड्डीचं दप्तर, वॉटरबॅग, गणवेश, फणी, तेलाची बाटली सुतळीनं बांधून, रिबिनी, टॉवेल. "मी विसरतो, ताई," तो म्हणाला. "भिंत नाही विसरत."

आजी यायची त्या दिवशी कारखान्यात त्याची पहिली पाळी होती. मी शेजारच्या दोघींना हाताशी धरलं आणि दुपारभर राबून ते घर घरासारखं केलं. भिंतीवरचं सगळं उतरवलं, घड्या घातल्या, ट्रंकांत भरलं, उघड्या कपाटांना माझे फुलाफुलांचे पडदे लावले. खिळ्यांवर देवांची कॅलेंडरं टांगली. आजही म्हणते, त्या दिवशी ते घर सुंदर दिसत होतं.

तो गुड्डीला घेऊन आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"ताई, हे कुणाचं घर आहे?"

"तुझंच. दोन तास असंच राहू दे. म्हातारी बघेल आणि जाईल."

"आणि उद्या सकाळी? गुड्डीची फणी कुठे आहे?" मी एका ट्रंकेत हात घातला, मग दुसरीत. तो चिडला नाही. "खोटं घर दाखवून मी मुलगी ठेवून घेऊ? मग खऱ्या घरात तिला सांभाळू कुठल्या तोंडानं? त्यांना न्यायचंच असेल तर खरं घर बघून नेऊ देत."

आणि माझे पडदे त्यानं ओढून काढले. ट्रंका उघडल्या. बापलेकीनं मिळून पुन्हा भिंत भरायला घेतली, आणि अर्धी भिंत भरलेली, अर्धा पसारा जमिनीवर, अशा मोक्याच्या क्षणी आजी दारात. कडेला पेरूंची पाटी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"जावाईबापू, हे घर हाय का खिळ्यांचं दुकान?"

"घर आहे, आई," तो म्हणाला. "असंच असतं रोज."

म्हातारी आत आली, पसाऱ्यातून वाट काढून बसली. गुड्डीला पुढ्यात ओढलं. पोरीचे केस विस्कटले होते. "फणी आना कुणीतरी," ती म्हणाली. माझा भाऊ नेहमीप्रमाणे भलतीकडेच, उघड्या ट्रंकांत शोधायला लागला. गुड्डी उठली, भिंतीकडे गेली, खालच्या रांगेतून फणी घेतली, तेल घेतलं, दोन रिबिनी घेतल्या आणि आजीच्या मांडीवर आणून ठेवल्या. वेणी झाल्यावर फणी पुसून जागच्या जागी टांगून आली. मग उद्याचं दप्तर भरून तेही टांगलं. कुणी सांगितलं नव्हतं. आजी तिच्याकडे बघत होती. बघता बघता तिचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला.

"माझ्या घरी पोरीला रिबीन लागली तर कपाट उघडायला मला हाक मारावी लागन," ती हळूच म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

गुड्डीनं विचारलं, "आजी, तुझा खिळा कुठला?"

माझा भाऊ उठला आणि दोन रांगांच्या मध्ये, म्हातारीच्या हाताच्या उंचीवर, एक खिळा ठोकला. आजी दोन दिवस राहिली. घर धड नसल्याबद्दल भरपूर बोलली, मलाही बोलली. निघताना तिची पानाची चंची तिथेच लटकत होती. मी म्हटलं, "आई, चंची राहिली."

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या टायमाला लागन." आणि एकटीच निफाडच्या गाडीला लागली. माझा भाऊ मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होता.

त्यानंतर दर वाढदिवसाला त्यानं गुड्डीची रांग वर सरकवली. जुने खिळे मात्र काढले नाहीत. ती दहावीला गेली तेव्हा तिची रांग त्याच्या रांगेला भिडली होती, आणि खाली ओळीनं तिची सगळी वर्षं. पुढे ती शिकायला पुण्याला गेली. हॉस्टेलवर तिचंही बापासारखंच व्हायला लागलं, म्हणून ती कुठल्या डॉक्टरांकडे गेली, आणि एक दिवस तिचा फोन आला. "बाबा, आपल्या दोघांना जे आहे ना, त्याला एडीएचडी म्हणतात." त्यानं नीट ऐकून घेतलं. "नाव चांगलं आहे," तो म्हणाला. "पण तुझ्या खोलीत खिळे ठोकू देतात का, ते आधी सांग."

गेल्या दिवाळीआधी त्यानं घराचं रंगकाम काढलं. रंगारी म्हणाला, खिळे उपटतो आणि भोकांत लांबी भरतो, भिंत गुळगुळीत होईल. माझंही मत तेच होतं. त्यानं दोघांचंही ऐकलं नाही. "खिळ्यांना हात लावायचा नाही," एवढंच म्हणाला. रंगाऱ्यानं बिचाऱ्यानं छोटा ब्रश घेऊन एकेका खिळ्याभोवती रंग दिला, आजीच्या चंचीच्या खिळ्याभोवतीसुद्धा. आजी आता नाही.

गुड्डी सुट्टीवर यायची होती, म्हणून मी चिवडा घेऊन गेले. तिचा धुतलेला टॉवेल त्यानं सगळ्यात खालच्या रांगेत टांगून ठेवला होता. माझ्या गुडघ्याच्या थोडं वर. पोरगी आता त्याच्या खांद्यापर्यंत आली आहे.

"अरे, वर तिची रांग आहे की," मी म्हटलं.

"आहे ना," तो म्हणाला. "पण हा घ्यायला ती खाली वाकते, ताई. मला तेवढं बघायला मिळतं."

टॉवेल एका बाजूला वाकडा लोंबत होता. मी हात लावला नाही.